पत्त्याचा पुरावा

मी एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. खातं उघडायला आलेल्या माणसाला दिवसातून वीसेक वेळा तरी विचारते, "पत्त्याचा पुरावा आणलाय का?" भाड्याने राहणारी माणसं हे ऐकलं की जरा वरमतात. घरमालक करारनामा करून देत नाही, लाइटबिल त्याच्याच नावावर, आधारवर गावचा पत्ता. "मॅडम, राहतो तर इथंच," म्हणतात. मी म्हणते, "राहता हो, पण कागद?" हे मी इतक्या सहजपणे म्हणत आलेय की त्यात कुणाला लागण्यासारखं काही असेल, हे आईचा दुबईचा व्हिसा काढेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ, घरात त्याला बाबूच म्हणतात, 2009 साली दुबईला गेला. त्या वर्षी तिथली बांधकामं अडकली होती, माणसं सामान गुंडाळून परत येत होती आणि हा निघाला होता. आयटीआयचा वायरमन. आमच्या चिपळूणच्या बाजूला दुबईचं तसं अप्रूप नाही. गावातल्या मोहल्ल्यात घराआड एक माणूस कुवेत, कतार, मस्कत नाहीतर दुबईत. आमच्या वाडीतली माणसं मात्र पिढ्यान् पिढ्या मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेली. गिरण्या बंद पडल्या, मग आमच्यातलीही पोरं मोहल्ल्यातल्या पोरांना विचारून तिकडे जायला लागली.

मोहल्ल्यातले एक चाचा पंचाऐंशीच्या घरातले आहेत. साठ-बासष्ट साली बहारिनला होते. आईने त्यांना जाऊन विचारलं, व्हिसा म्हणजे काय असतं हो? ते म्हणाले, "भाभी, आमच्या वेळी पगारच रुपयात मिळायचा, तर परदेश कसला!" मला ही थाप वाटली होती. पण खरं आहे ते. त्या सगळ्या किनाऱ्यावर आपला रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारात तिकडचे रुपये इकडे परत यायला लागले, परकीय चलनाला गळती लागली, म्हणून 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी झेड अक्षर असलेल्या. कुवेतने 1961 साली आणि बहारिनने 1965 साली स्वतःचा दिनार आणला. 1966च्या जूनमध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि दुबईनेही रुपया सोडला. चाचांना यातलं एवढंच आठवतं की नोटा लाल होत्या आणि गावी पैसे पाठवताना हिशेब करायला लागायचा नाही.

तर बाबू. दर दोन वर्षांनी तो वीस-पंचवीस दिवस यायचा. त्याच्या पैशातून गावचं मातीचं घर पाडून चिऱ्याचं घर उभं राहिलं, वर स्लॅब पडला, आत संडास-बाथरूम आलं, आणि दाराशेजारी त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. वहिनी आणि भाची कायम गावीच. "आम्हाला कधी नेणार?" याला त्याची उत्तरं ठरलेली. यंदा ऊन फार आहे. यंदा साइट बदलतेय. यंदा कंपनी व्हिसा रिन्यू करतेय. वहिनीला खरं काय ते ठाऊक असणार असं मला आता वाटतं. ती कधी बोलली नाही.

तिकडे व्हॉट्सअॅपवरून फोन लागत नाही, मेसेज तेवढे जातात. बोलायचं तर बोटिम नावाचं अॅप घ्यावं लागतं. रविवारी संध्याकाळी बोटिमवर बाबू दिसायचा आणि त्याच्या मागे कायम एक निळा पडदा असायचा. आईला तो पडदा आवडायचा. खिडकी मोठी असणार, म्हणायची.

आणि मी राखी पाठवायचे ती पी.ओ. बॉक्सवर. तिकडे पोस्टमन दारावर येत नाही, टपाल पेटीत पडतं, आणि ती पेटी कंपनीची. पाकिटावर कंपनीचं नाव, पेटीचा नंबर, दुबई. पंधरा राख्या मी एका पेटीला पाठवल्या. जिला पत्ता तपासायचा पगार मिळतो तिला आपल्या सख्ख्या भावाचा पत्ता माहीत नव्हता, आणि ते तिला कधी खटकलंही नव्हतं.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि आईने जाहीर केलं, "एकदा त्याचं घर बघून येतंय." वय एकाहत्तर, गुडघे बोलतात, पण बाईने ठरवलं की ठरवलं.

पासपोर्टपासून सुरुवात. त्या फॉर्मवर एक प्रश्न असतो की तुम्ही कधी नाव बदललं आहे का, आणि दुसरा, तुम्हाला आणखी कुठल्या नावाने ओळखतात का. आमच्याकडे बाईला हे विचारू नये. आईचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात तांदळात लिहिलेलं वेगळं, रेशनकार्डावर त्याच्यापुढे 'बाई' लागलेलं, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. चारही नावांची बाई समोर खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. एका मैत्रिणीने बजावलं होतं की आडनावाचा रकाना रिकामा सोडू नकोस, 2022च्या नोव्हेंबरपासून पासपोर्टवर एकच शब्द नाव असलेल्यांना यूएई टुरिस्ट व्हिसावर घेत नाही. म्हणून गॅझेट, प्रतिज्ञापत्र सगळं रीतसर करून आईला एक नाव आणि एक आडनाव मिळालं. तिला त्याचं फार कौतुक नव्हतं. "मला हाक मारायला आता उरलंय कोण," म्हणाली.

एक गंमत मात्र झाली. आई सातवी पास. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो, म्हणजे आखातात आणि अशाच काही देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारची परवानगी. मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून 1983च्या उत्प्रवास कायद्याने घातलेली अट. पन्नाशी उलटली की ती सुटते, म्हणून आईचा पासपोर्ट कोरा आला. मी तिला कारण सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे म्हातारीला कोण कामाला ठेवणार, असंच ना?" बरोबर तसंच.

फोटोला पांढरी पार्श्वभूमी लागते. आई तिची ठेवणीतली फिकट मोतिया साडी नेसून गेली, फोटोत बाई दिसेना, नुसता चेहरा हवेत. फोटोग्राफरने त्याच्या बायकोची गर्द हिरवी शाल आतून आणून दिली. व्हिसावर आईच्या अंगावर आहे ती शाल त्याच्या बायकोची.

आता व्हिसा. आईला वाटलं होतं की मुलगा तिकडे आहे, तो म्हणेल ही माझी आई, की झालं. एजंट म्हणाला, टुरिस्ट व्हिसा काढू, तीस दिवसांचा किंवा साठ दिवसांचा मिळतो. अर्जावर 'प्रवासाचा हेतू' या रकान्यात पर्यटन लिहिलं. आई बिथरली. "मी काय फिरायला जातंय? पोराला बघायला जातंय. तसं लिही." तसा रकाना नाही म्हटलं. 'व्यवसाय' या रकान्यात गृहिणी लिहिलं, त्यावरही तिचं म्हणणं होतं. दर मे महिन्यात ती कोकम सुकवते, आगळ काढते, विकते. त्यातून तिने माझी बारावीची फी भरली होती. तोही रकाना नव्हता.

आम्ही अर्ज केला तो काळही वाईट निघाला. 2024च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुबईने टुरिस्ट व्हिसाची तपासणी एकदम कडक केली होती. आधी जे पुढे विमानतळावर विचारलं तर विचारलं, ते आता अर्जासोबतच मागत होते. परतीचं तिकीट. हॉटेलचं बुकिंग. बँकेचं स्टेटमेंट, पॅनकार्ड. आणि नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याचं एमिरेट्स आयडी, त्याचा रेसिडेन्स व्हिसा आणि इजारी.

इजारी म्हणजे दुबईतला नोंदलेला भाडेकरार. अरबीत त्या शब्दाचा अर्थच 'माझं भाडं' असा आहे. आमच्याकडे जे लोक देऊ शकत नाहीत, नेमका तोच कागद.

मी बाबूला मेसेज केला. आयडीचा फोटो लगेच आला, दोन्ही बाजूंनी, 784 ने सुरू होणारा नंबर. व्हिसाचा फोटो आला. मी लिहिलं, इजारी? दोन निळ्या रेघा उमटल्या आणि पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी मी परत लिहिलं. उत्तर आलं, बघतो. तिसऱ्या दिवशी मी पतसंस्थेतल्या आवाजात व्हॉइस मेसेज केला, अरे बाबू, पत्त्याचा पुरावा हवाय, त्यात बघायचं काय आहे, तू राहतोस ना तिथं?

रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. बोटिमवर, पण कॅमेरा बंद.

"ताई, माझ्या नावावर नाहीये."

"मग कुणाच्या नावावर आहे? त्याच्याकडून घे."

"तो देणार नाही. त्याचं ते नियमात बसत नाही." मग जरा थांबून, "मी बेडस्पेसमध्ये आहे गं."

बेडस्पेस हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. एक माणूस फ्लॅट भाड्याने घेतो, त्यातल्या खोल्यांना प्लायवूडच्या भिंती घालतो, त्याला पार्टिशन म्हणतात, आणि ज्याला पार्टिशनही परवडत नाही किंवा त्यावर खर्च करायचा नाही, तो एक कॉट घेतो. कॉटचं भाडं. करामा, सतवा, देरा या भागांत असे हजारो लोक राहतात, केरळचे, फिलिपिन्सचे, पाकिस्तानचे, आपले. पालिका अधूनमधून तपासणी करते, प्लायवूड तोडते, मग माणसं दुसरीकडे जातात. बाबू पहिली सहा वर्षं कंपनीच्या लेबर कॅम्पमध्ये होता. तिथून फोरमन झाल्यावर कंपनीने राहण्याचा भत्ता हातात द्यायला सुरुवात केली. तो भत्ता त्याने खोलीवर खर्च केला नाही. तो गावी आला, चिऱ्यांच्या रूपाने.

मी काय बोलले मला नीट आठवत नाही. बहुतेक "बरं, बघते काहीतरी" असंच, काउंटरवर म्हणते तसं.

आईला सांगायचं होतं. मी सांगितलं की बाबूच्या रूमवर बायकांना राहता येत नाही, तिकडचा कायदा आहे, आपण हॉटेलात उतरू. अर्धं खरं होतं ते. आईने हातातलं काम थांबवलं. "पोराचं घर असताना लॉजवर उतरायचं? लोक काय म्हणतील?" मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "घर आहे ना त्याला?" मी हो म्हटलं.

पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण सांगत नाहीत, नुसता शब्द येतो. एजंटाने खांदे उडवले, सिस्टीमने रिजेक्ट केलं मॅडम. मी फाइल मागून घेतली आणि आयुष्यभर लोकांचे कागद तपासल्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. त्याने हॉटेलचं डमी बुकिंग लावलं होतं. म्हणजे बुक करायचं, कागद काढायचा, आणि रद्द करायचं. पैसे वाचतात. आधी हे खपायचं. आता तिकडे बुकिंग पडताळून बघत होते आणि बुकिंग जागेवर नव्हतं. माणशी साडेसात हजार गेले, फी परत मिळत नाही. भांडले मी, पण जीव ओतून नाही. खोटा पत्ता लावला म्हणून आईला नकार मिळाला आणि खरा पत्ता लावता येत नव्हता, यात त्या एजंटाशी काय भांडणार?

दुसऱ्यांदा मी पूर्ण पैसे भरून बर दुबईतल्या एका साध्या हॉटेलात नऊ रात्री घेतल्या, पावती, तिकीट सगळं स्वतः जोडलं, दुसऱ्या एजंटाकडून अर्ज टाकला. तिसऱ्या दिवशी व्हिसा आला. ईमेलमध्ये, एक पानाचा कागद. सिंगल एंट्री, तीस दिवस, त्याहून जास्त राहिलं तर दिवसाला पन्नास दिरहम दंड. आईने तो उलटसुलट करून बघितला. "शिक्का कुठाय?" म्हटलं आता शिक्का नसतो. ती दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन चाचांना दाखवून आली.

मग खसखस. आईने अनारशांसाठी दोन किलो तांदूळ भिजवायला घेतले आणि मी कुठेतरी वाचलं की यूएईत खसखस न्यायला बंदी आहे. अफूच्या बोंडातली म्हणून ती अमली पदार्थांत धरतात, थोडी सापडली तरी प्रकरण होऊ शकतं. आईचा विश्वास बसेना. तिच्या मालवणी मसाल्यातही खसखस, म्हणजे मसालाही राहिला. मी म्हटलं, बिनखसखशीचे अनारसे कर. ती म्हणाली, "मग त्याला अनारसा कशाला म्हणायचं? घावन म्हण." शेवटी नाचणीचे लाडू झाले. चाळीस. तिच्या बीपीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चाळीस लाडू.

भाचीची शाळा होती, म्हणून वहिनी आली नाही. जानेवारीच्या अखेरीस आम्ही दोघीच निघालो. मुंबईहून तीन तासांचं विमान. चिपळूणहून ठाण्याला यायला आईला त्याच्या दुप्पट वेळ लागला होता. दुबईच्या काउंटरवर पांढऱ्या झग्यातल्या तरुण अधिकाऱ्याने आईला चष्मा काढायला लावून डोळ्यांचा फोटो घेतला. काही विचारलं नाही. कुठे उतरणार, कोणाकडे, काही नाही. मी हॉटेलची पावती हातात धरून उभी होते, ती त्याने बघितलीसुद्धा नाही. दोन महिने ज्या प्रश्नाने आम्हाला छळलं होतं तो तिथं कुणी विचारलाच नाही.

तिसऱ्या दिवशी आईने विषय काढला. "मला तुझं घर बघायचंय." बाबू माझ्याकडे बघायला लागला. मी बाहेर बघायला लागले.

करामातल्या एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. दार उघडंच होतं, बाहेर चपलांचा ढीग. आत खोलीत चार डबल कॉट, वर-खाली मिळून आठ माणसं. आम्ही गेलो तेव्हा एकही नव्हतं. बाबू म्हणाला, सुट्टी आहे, बाहेर गेले असतील. पण खिडकीतून खाली बघितलं तर चहाच्या टपरीसमोर सातजण रांगेत उभे होते आणि अधूनमधून वर बघत होते. खालच्या कोपऱ्यातली कॉट बाबूची. भोवती दोरीवर निळा पडदा. आईने तो हाताने बाजूला केला. उशाशी गणपती, मोबाइलचं चार्जर, भाचीचा बालवाडीतला फोटो, मेतकुटाची बरणी आणि एका प्लॅस्टिकच्या डब्यात राख्या. मी मोजल्या नाहीत.

आई कॉटवर बसली. डोकं वरच्या कॉटला लागू नये म्हणून जरा वाकून. चादरीची सुरकुती तिने दोन्ही हातांनी सारखी केली, मग उठून परत एकदा केली. "हवा येते," एवढंच म्हणाली. पिशवीतून लाडवांचा डबा काढला. "आठजण ना? पाच-पाच येतील."

त्या रात्री ती बाबूला हॉटेलवर घेऊन आली. आमच्या खोलीत तिसरी खाट टाकता येते असं मी आधीच विचारून ठेवलं होतं. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद करावी लागते. बाबूने खिशातून आयडी काढून दिला. तिने तो स्कॅनरवर ठेवला, खोलीचा नंबर विचारला आणि स्क्रीनकडे बघत हिंदीत म्हणाली, "रूम मांजी के नाम पे है ना? तो ये इनके गेस्ट."

"काय म्हणतेय?" आईने विचारलं.

"मी तुझ्याकडे पाहुणा आलोय म्हणतेय," बाबू म्हणाला.

वर गेल्यावर आईने दिवे मालवायचे म्हणून दाराजवळच्या खाचेतून कार्डच काढून घेतलं. एसी, दिवे, मोबाइलचं चार्जिंग, सगळं एकदम बंद. बाबू अंधारात हसायला लागला. "आये, अगं ते कार्ड तिथंच ठेवायचं असतं." ती म्हणाली, "वीज कशाला जाळायची, झोप आता," आणि कार्ड उशीखाली घेऊन आडवी झाली.